घरातलं प्लास्टिक कमी खर्चात कसं कमी करायचं? ठाणे-नवी मुंबईत चालतील असे नेमके उपाय

सेक्टर_अठरा (धागाकर्ता)

प्लास्टिक कमी करण्यावरच्या बहुतेक लेखांत नव्या वस्तूंची यादी असते. बांबूचा ब्रश, काचेच्या बरण्यांचा संच, मेणकापड. या वस्तू महाग असतात आणि रोज घरात शिरणारं प्लास्टिक त्यांनी जागचं हलत नाही. या धाग्यात अट वेगळी ठेवू. चार माणसांचं घर, नेरूळपासून घोडबंदरपर्यंत कुठलीही सोसायटी, आणि जास्तीचा खर्च महिन्याला शंभर-दोनशेच्या आत. काय करायचं, किती मापात आणि कुठे फसतं, एवढंच लिहा.

सुरुवात मोजणीने करा. सात दिवस एकही प्लास्टिक टाकू नका. विसळा, वाळवा, एका गोणीत भरा. आठव्या दिवशी ढीग लावा: दुधाच्या पिशव्या, भाजी-मासळीच्या पातळ पिशव्या, कचऱ्याच्या पिशव्या, चकचकीत पाकिटं आणि सॅशे, बाटल्या-डबे, पार्सलचे डबे-चमचे. वजन करू नका, नग मोजा. वजन केलं तर शाम्पूची जाड बाटली मोठी दिसते, पण ती दोन महिन्यांतून एकदा येते आणि भंगारवाला ती घेतो. खरा भार रोजच्या हलक्या वस्तूंचा असतो. अर्ध्या लिटरच्या दोन दूध पिशव्या रोज म्हणजे वर्षाला ७३०. कचऱ्याची एक काळी पिशवी रोज म्हणजे ३६५. आठवड्यातून दोनदा भाजी आणि दर खेपेला पाच पातळ पिशव्या म्हणजे ५२०. या तीनच गोष्टींत सोळाशेच्या वर नग झाले. ब्रश वर्षाला चार माणसांचे सोळा होतात, म्हणून ब्रशावर चर्चा शेवटी करू.

सुकाकचरा

मोजणी झाली की 'भंगारात जाणारं' आणि 'कुणीच न घेणारं' असे दोन भाग करा. कमी करायची सुरुवात दुसऱ्या भागापासून व्हायला हवी.

भंगारवाला घेतो: पाण्याच्या-सरबताच्या बाटल्या (त्रिकोणात १), शाम्पू-फिनेलचे जाड डबे (२), दूध पिशव्या (४), झाकणं आणि आइस्क्रीमचे-श्रीखंडाचे डबे (५). सहसा घेत नाही: वेफर्स-बिस्किटांची पाकिटं, सॅशे, थर्माकोल, तेलकट पिशव्या, टेपने माखलेलं कुरिअरचं वेष्टण.

आकडा दिसत नसेल तर दोन परीक्षा आहेत. पहिली, पाकीट मुठीत चुरगाळून सोडा. कडकड वाजत परत उलगडलं आणि आतून चंदेरी असेल, तर ते अनेक थरांचं आहे. हे थर वेगळे करता येत नाहीत, म्हणून त्याला भाव नाही. दुसरी परीक्षा जाड तुकड्यांसाठी. नखाएवढा तुकडा कापून बादलीत टाका आणि बोटाने पाण्याखाली दाबून हवेचे बुडबुडे काढा. तरंगला तर पॉलिथीन किंवा पॉलिप्रॉपिलीन, बुडाला तर बाटलीचं पेट, पीव्हीसी किंवा पॉलिस्टायरीन. बुडबुडे काढले नाहीत तर बुडणारा तुकडाही तरंगतो आणि परीक्षा चुकते.

दूध पिशवीचं नेमकं सांगतो. कोपरा कापून तुकडा वेगळा करू नका. तो त्रिकोणी तुकडा एवढा लहान असतो की कुठल्याच वेचणीत हाती लागत नाही, थेट गटारात जातो. आडवी चीर द्या आणि तुकडा एका बाजूने जोडलेला राहू द्या. अर्धी वाटी पाणी घालून हलवा, ते पाणी चहात किंवा झाडांना. मग पिशवी उलटी करून चिमट्याने दोरीवर लावा. ओल्या पिशव्या एकात एक कोंबल्या की दोन दिवसांत वास येतो आणि भंगारवाला गठ्ठा परत करतो. अर्ध्या लिटरची पिशवी अडीच-तीन ग्रॅमची असते, म्हणजे किलोला साडेतीनशेच्या आसपास लागतात. एका घराला एक किलो जमायला सहा महिने जातात. मजल्यावरच्या चार-पाच घरांनी एक गोणी ठेवली तर महिन्या-सव्वा महिन्यात किलो होतो आणि तेवढ्यासाठी माणूस येतो.

कमी करायचं म्हणाल तर दोन अर्ध्या लिटरऐवजी एक लिटरची पिशवी घ्या. नग निम्मे होतात आणि प्लास्टिकही थोडं कमी लागतं.

कासारवडवली

तबेल्याचं सुटं दूध स्टीलच्या किटलीत घेतलं तर पिशवीच नको. ठाण्यात अजून बऱ्याच भागांत मिळतं.

सुकाकचरा

मिळतं, पण ते पाश्चराइज केलेलं नसतं. आणल्याबरोबर उकळी आणा, उतू जाऊ न देता ढवळत दोन-तीन मिनिटं तसंच ठेवा, मग गार करून फ्रीजमध्ये. आणि किटली रोज उकळत्या पाण्याने धुवायची. झाकणाच्या कडेत साय अडकते आणि दुसऱ्या दिवशीचं दूध त्यानेच नासतं. एवढं होत नसेल तर पिशवीचं दूध घ्या आणि पिशवी नीट भंगारात द्या.

मांजरपाट

कापडी पिशव्यांचं माप देते. दुकानातल्या तयार 'इको' पिशव्यांची गरज नाही.

कोरं मांजरपाट ३६ इंच पन्ह्याचं एक मीटर घ्या. कापायच्या आधी गरम पाण्यात रात्रभर भिजवून वाळवा. हे टाळलं की शिवलेली पिशवी पहिल्या धुण्यात आटते आणि शिवण ओढली जाते. मग २३ सेंटिमीटर रुंद आणि ६८ सेंटिमीटर लांब असे चार तुकडे काढा, लांबी पन्ह्याच्या दिशेने. उरलेली पट्टी नाड्यांना पुरते. तुकडा मधोमध दुमडला की तळाला शिवण येत नाही. फाटते ती नेहमी तळाची शिवण, म्हणून हा दुमडीचा तळ महत्त्वाचा.

बाजूच्या शिवणी दोनदा घालायच्या. आधी सुलट बाजूने अर्धा सेंटिमीटरवर एक, मग पिशवी उलटवून एक सेंटिमीटरवर दुसरी. कापडाचे सुटे दोरे आत बंद होतात. साधी एकच शिलाई घातली तर ते दोरे रव्यात आणि पिठात सापडतात. वर चार सेंटिमीटर दुमडून नाडीचं घर. तयार पिशवी २० बाय ३० ची होते, त्यात किलोभर डाळ किंवा साखर बसते आणि वर बांधायला जागा उरते. पाच किलो तांदळाला ३२ बाय ४८ ची शिवा.

या पिशवीचं वजन २०-२५ ग्रॅम भरतं. तूरडाळ १५० रुपये किलो धरली तर २५ ग्रॅमचे पावणेचार रुपये होतात. म्हणून पिशवीवर रंगीत दोऱ्याने तिचं वजन शिवून ठेवा आणि दुकानदाराला काटा आधी शून्यावर आणायला सांगा. वाण्याची यात हरकत नसते, गर्दीची वेळ सोडून जा.

जुन्या सुती साड्या, चादरी, पंचे यांचं कापड पिठासाठी जास्त चांगलं, कारण ते आटून-धुऊन घट्ट झालेलं असतं. फक्त उन्हाकडे धरून बघा, विरलेलं असेल तर सोडा.

तिवर

पिशवी कापडाची आहे की नाही, हेही तपासा. रंगीत, हलकी, दाबल्यावर बारीक चौकोनी ठसे दिसणारी जी पिशवी साडीच्या दुकानात मिळते, ती नॉन-वोव्हन, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. कापड नव्हे. कडेचा दोरा काढून चिमट्यात धरून जाळा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि राख होते. प्लास्टिकचा वितळून काळा मणी होतो. ती पिशवी उन्हात ठेवली की काही महिन्यांत भुरभुर पूड होऊन गळते, आणि ती पूड गोळा करता येत नाही.

कायद्याचंही एकदा लिहून ठेवतो, कारण बाजारात रोज यावर वाद होतो. महाराष्ट्राची प्लास्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची, अंमल २३ जूनपासून. दंड पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. केंद्राने १ जुलै २०२२ पासून काड्या, कप, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ, थर्माकोलची सजावट, मिठाईच्या खोक्यावरची पातळ फिल्म यांवर बंदी आणली. पिशव्यांची जाडी केंद्राच्या नियमात ३१ डिसेंबर २०२२ पासून किमान १२० मायक्रॉन. भाजीवाल्याकडची पातळ पिशवी यातल्या कुठल्याच नियमात बसत नाही. ती मागायची नाही, आणि भाजीवाल्याने हातात दिली तर 'नको, पिशवी आहे' म्हणून परत करायची. माल तोलायच्या आधी बोलायचं. तोलून बांधून झाल्यावर बोललं तर तो ती पिशवी फेकून देतो.

ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता मिळाली. ओहोटीला ऐरोलीच्या बाजूला तिवरांची श्वासमुळं बघा. प्रत्येक मुळाभोवती गुंडाळलेली असते ती हीच पातळ पिशवी आणि सॅशे, कारण हलकं तेच नाल्यातून वाहत येतं. श्वासमूळ झाकलं की झाडाला हवा मिळत नाही.

कोपरखैरणे_वाचक

सगळं पटलं, पण पालेभाजी? प्लास्टिकमध्ये ठेवली तर आठवडाभर टिकते. कापडात दुसऱ्या दिवशी वाळते.

मांजरपाट

बरोबर, आणि बहुतेक घरं इथेच परत प्लास्टिककडे वळतात. कापडी पिशवी ही आणण्यासाठी, ठेवण्यासाठी नाही. फ्रीजमधली हवा कोरडी असते, कापड पानांतलं पाणी बाहेर जाऊ देतं.

ठेवायला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. मेथी, कोथिंबीर निवडा, पिवळी आणि सडकी पानं काढा, धुऊ नका. कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून डब्यात. डबा पाणी धरून ठेवतो आणि फडकं जास्तीचा ओलावा शोषतं, दोन्ही लागतात. नुसता डबा असेल तर तळाला पाणी साचून पानं काळी पडतात. फडकं दर दोन दिवसांनी बदला. कोथिंबीर अशी आठवडाभर राहते. मिरच्यांचे देठ काढून ठेवा, कुज देठापासून सुरू होते. कढीपत्ता काडीवरून काढून पूर्ण कोरडा, झाकणाच्या बरणीत. काकडी-गाजर नुसत्या डब्यात. कांदे, बटाटे, लसूण फ्रीजबाहेर टोपलीत, पण कांदा-बटाटा एकत्र नको, बटाट्याला लवकर कोंब येतात.

जांभळीनाका

किराण्याचं मी लिहितो. ठाण्यात जांभळी नाका, नवी मुंबईत वाशीची एपीएमसी (घाऊक बाजार) किंवा आपल्या वसाहतीतला जुना वाणी. तिन्हीकडे सुटा माल मिळतो. धान्य, कडधान्य, साखर, गूळ, पोहे, शेंगदाणे, खडा मसाला या सगळ्याला आपली पिशवी चालते. हळद-तिखट मात्र डब्यात घ्या, कापडातून पूड झिरपते आणि डाग जात नाही.

तेल हा मोठा विषय. एक लिटरची पिशवी रिकामी झाली तरी आत तेलाचा थर असतो, म्हणून तिला भंगारात भाव नाही. सुटं तेल विकायला अन्नसुरक्षा नियमांत बंदी आहे, त्यामुळे 'माझ्या किटलीत भरून द्या' हा मार्ग नाही. मार्ग म्हणजे पत्र्याचा डबा. तीन घरांनी मिळून घ्या. डब्यावर १५ किलो लिहिलंय की १५ लिटर, ते आधी वाचा. १५ किलो तेल म्हणजे सुमारे साडेसोळा लिटर, आणि १५ लिटर म्हणजे जेमतेम पावणेचौदा किलो. दर विचारताना हा फरक लक्षात ठेवला नाही तर स्वस्त वाटणारा डबा महाग पडतो.

डबा उघडताना समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन भोकं पाडा, एक मोठं, एक बारीक. बारीक भोकातून हवा आत जाते आणि धार गचके न देता पडते. उघडल्या दिवशीच तीन घरांच्या स्टीलच्या किटल्यांत वाटून टाका. पूर्ण कोरड्या किटल्या हव्यात. अर्धा डबा उघडा ठेवला तर हवेने तेल खवट होतं, आणि उन्हाळ्यात गॅसशेजारी ठेवलं तर आणखी लवकर. रिकामा पत्रा भंगारात जातो. एका डब्याने सोळा पिशव्या वाचतात.

पावसाळा. जून ते सप्टेंबर सुट्या मालाची खरी परीक्षा असते. खाडीकाठच्या हवेत पोहे सादळतात, रव्यात अळ्या होतात, आणि मग लोक परत हवाबंद पाकिटाकडे वळतात. उपाय साधे आहेत. मेमध्ये डाळ-तांदूळ ऊन देऊन भरा. तूरडाळीला किलोमागे एक छोटा चमचा एरंडेल चोळा, शिजवताना धुतलं की जातं. रवा, मैदा, बेसन पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतंच घ्या.

कोपरखैरणे_वाचक

तांदळाला बोरिक पावडर लावतात ती चालेल का?

जांभळीनाका

नको. ते कीटकनाशक आहे, लहान मुलांच्या पोटात गेलं तर विषारी. जुनी सवय असली तरी सोडा. रवा-मैद्यासाठी फ्रीजर वापरा: आणल्या आणल्या डब्यात भरून चार दिवस फ्रीजरमध्ये, अंडी मरतात. बाहेर काढल्यावर झाकण लगेच उघडू नका. गार रव्यावर बाहेरच्या दमट हवेतलं पाणी साचतं आणि गुठळ्या होतात. चार-पाच तासांनी, डबा हाताला कोमट लागला की उघडा.

बोंबील

मासळीबद्दल कुणीच लिहिलं नाही, आणि या पट्ट्यात मासळीची पिशवी सगळ्यात वाईट: रक्ताने भरलेली, धुऊन ठेवता न येणारी. दोन किलो मावेल असा कडीचा स्टीलचा डबा न्या. मासळीवाल्या ताईंना सांगा, आधी तोलून मग साफ करा आणि थेट डब्यात टाका. सुरमईचे काप असोत की कोळंबी, डब्यात बसतं. पापलेट अख्खं हवं तर रुंद, उथळ डबा.

गळती ही एकच अडचण. झाकणाला रबरी कडी नसेल तर डब्याच्या तोंडावर केळीचं पान ठेवून झाकण दाबा, रस बाहेर येत नाही. वर्तमानपत्रात मासे-मटण गुंडाळून आणू नका. शाई ओल्यात उतरते, एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) अन्नासाठी छापील कागद वापरू नका असं सांगितलेलं आहे.

घरी आल्यावर डबा आधी गार पाण्याने. गरम पाणी घातलं की रक्तातली प्रथिनं घट्ट होऊन चिकटतात आणि वास तिथेच राहतो. मग बेसन चोळून, शेवटी लिंबाची फोड.

अकरावा_मजला

काळ्या कचरा पिशवीचं काय? सोसायटीत सांगितलंय की 'कंपोस्टेबल' हिरव्या पिशव्या घ्या. त्या तिप्पट महाग आहेत.

सुकाकचरा

ओल्या कचऱ्याला पिशवीच लागत नाही. कंपोस्टेबल पिशवी घ्यायची असेल तर तिच्यावर आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक छापलेलं असावं. नुसतं 'बायोडिग्रेडेबल' किंवा पानाचं चित्र याला अर्थ नाही. आणि खरी कंपोस्टेबल पिशवीही मोठ्या प्रकल्पातल्या उष्णतेत विरते. कुंडीत महिनोन्‌महिने तशीच राहते. चुकून दूध पिशव्यांच्या गठ्ठ्यात गेली तर तो गठ्ठा बिघडवते.

बादलीला कागद लावा. पाच-सात लिटरच्या बादलीसाठी वर्तमानपत्राचे दोन पूर्ण ताव अधिक चिन्हासारखे आडवे-उभे टाका, तिसरा चौपदरी घडी करून तळाला, कडा बाहेर दुमडा. सकाळी कडा आत मुडपून गाठोडं कचरागाडीत किंवा सोसायटीच्या ओल्या डब्यात. कागद खतातही जातो.

कागद फाटतो तो पाण्यामुळे, कचऱ्याच्या वजनामुळे नाही. म्हणून सिंकमध्ये जुनी चहाची गाळणी ठेवा, रस्सा, चहाचा चोथा, डाळीचं पाणी आधी निथळा. कलिंगडाच्या दिवसांत तळाला मूठभर नारळाचा भुसा किंवा सुका पाला. रोलमध्ये ३० पिशव्या असतात, म्हणजे वर्षाला बारा रोलचे पैसे वाचतात. रद्दी नसेल तर शेजाऱ्यांकडून घ्या.

दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या सोसायटीला घनकचरा नियमांनुसार वर्गीकरण बंधनकारक आहे आणि ओल्याची प्रक्रिया शक्य तितकी आवारातच अपेक्षित आहे. तिथे पिशवीत बांधलेला ओला कचरा दिला तर ती पिशवी सफाई कामगाराला हाताने फाडावी लागते. एवढं एक चित्र डोळ्यांसमोर ठेवलं तरी पिशवी नको वाटते.

रिठा

साफसफाईच्या बाटल्यांबद्दल. आधी एक मत: रिफिल पाऊच बाटलीपेक्षा चांगला, असं समजू नका. पाऊचमध्ये प्लास्टिक कमी, पण ते अनेक थरांचं, भंगारात शून्य. पाच लिटरचा जाड कॅन घ्या, दोन घरांत वाटा, जुन्या बाटल्या भरा, कॅन भंगारात द्या. शाम्पूचे सॅशे साडेसहा मिलीचे धरले तर लिटरमागे दीडशेच्या वर होतात. हात धुवायला वडी वापरा, जाळीच्या साबणदाणीत, म्हणजे पाण्यात विरघळून जात नाही.

फरशी पुसायला लिंबाच्या सालांचं जैवद्रव्य (बायोएन्झाइम): १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम लिंबू-मोसंबीच्या साली, एक लिटर पाणी. हे दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीत, कारण आंबताना वायू होतो आणि काच फुटू शकते. घरात पडलेली सरबताची बाटली त्याला योग्य. एक तृतीयांश रिकामी ठेवा. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडा, नंतर आठवड्यातून एकदा. नव्वद दिवसांनी गाळा. वर पांढरा पातळ थर आला तर चालतो, काळी-हिरवी बुरशी आली तर ओतून द्या. बहुतेक वेळा कारण एकच, साली पाण्याबाहेर राहिलेल्या असतात. फरशीला लिटरभर पाण्यात ५० मिली.

महत्त्वाचं: हे आम्ल आहे. संगमरवर, कोटा आणि जुन्या इमारतींतलं मोझेक यांना लावू नका. तिन्हींत चुनखडी असते, चकाकी जाते आणि परत येत नाही. व्हिट्रिफाइड टाइलला हरकत नाही. ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन सुटतो.

रिठे: बिया काढलेली टरफलं १०० ग्रॅम, लिटरभर पाण्यात रात्रभर, सकाळी पंधरा-वीस मिनिटं उकळून, कुस्करून, गाळून. फ्रीजमध्ये आठवडाभर. रेशीम, लोकर आणि दागिन्यांना उत्तम. तेलकट कढईला पुरत नाही, तिला आधी बेसन किंवा राख. डोळ्यांत गेलं तर खूप झोंबतं.

आणि घासणी. हिरव्या घासणीऐवजी घोसाळ्याची जाळी. घोसाळं वेलावरच तपकिरी, हलकं होईपर्यंत ठेवा, तासभर भिजवा, साल सोला, बिया झटका, बोटभर तुकडे कापून उन्हात. एक तुकडा तीन-चार आठवडे. पावसाळ्यात ओला राहिला तर आंबतो, आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात बुडवा.

पाणीपुरवठा

बाटलीबंद पाणी आणि आरओच्या टाकाऊ नळ्या हेही प्लास्टिकच. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी येतं, ठाण्यालाही बहुतांश भातसा-उल्हास खोऱ्यांतलं. धरण-नदीचं पाणी क्षारांनी हलकं असतं. विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि आरओचं काम मुख्यतः क्षार काढण्याचं. म्हणून आधी टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजणाऱ्या मीटरने नळाचं पाणी मोजा. एकाने सोसायटीसाठी विकत घेतला तर सगळ्यांना पुरतो. पाचशेच्या खाली असेल तर उकळणं किंवा यूव्ही पुरे.

घोडबंदरच्या ज्या सोसायट्यांत टँकर किंवा बोअरवेलचं पाणी मिसळतं, तिथे हे एकदा मोजून भागत नाही. एप्रिल-मेमध्ये परत मोजा. आणि टीडीएस म्हणजे जंतूंची तपासणी नव्हे. आकडा कमी आला तरी पाणी निर्जंतुक करावंच लागतं.

तिवर

सोसायटीच्या कार्यक्रमांसाठी भांडी बँक. सत्यनारायण, हळदीकुंकू, गणपतीचे दहा दिवस, यात एका संध्याकाळी जेवढे कप जातात तेवढे घरात वर्षभर जात नाहीत. 'कागदी कप आहेत' हे उत्तर पुरेसं नाही. त्यांना आतून प्लास्टिकचा थर असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना २०२० मध्ये असं आढळलं की १०० मिली गरम पेय पंधरा मिनिटं अशा कपात राहिलं तर त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिक कण उतरतात.

साठ माणसांसाठी: ६० ताटं, १२० वाट्या, १२० पेले, ७० चमचे. पेले माणशी दोन धरा, कारण लोक पाण्याचा पेला कुठेतरी ठेवून दुसरा घेतात. स्टील वजनावर मिळतं, वर्गणी घरटी काढा. भांड्यांच्या दुकानात सोसायटीचं नाव घालून घ्या. नाव नसलेला पेला परत येत नाही. देताना मोजून, अनामत घेऊन, घेताना मोजून.

बँक बंद पडते ती धुण्यापाशी. तीन टब मांडा: पहिल्यात खरकटं झटकून भिजवायचं, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. जेवणाऱ्याने ताट स्वतः पहिल्या टबापर्यंत न्यायचं. धुणाऱ्या बाईंचे पैसे वर्गणीत धरा, फुकटची अपेक्षा ठेवू नका. आणि ओली भांडी पेटीत भरू नका, पंच्यावर उपडी घालून रात्रभर ठेवा.

अकरावा_मजला

सॅनिटरी पॅडबद्दल मी लिहिते. महिन्याला बारा धरले तर एका बाईचे वर्षाला १४४, आणि त्यांचा वरचा-खालचा थर प्लास्टिकचा. मासिक पाळीचा कप एकदा घेतला की काळजी घेतल्यास अनेक वर्षं चालतो. पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी पाच मिनिटं उकळा, भरपूर पाण्यात. पाणी आटून कप तळाला टेकला तर खराब होतो. आठ तासांनी रिकामा करा, बारापेक्षा जास्त कधीच नको. पहिल्या दोन पाळ्यांत गळतो तो बहुधा आत पूर्ण उघडला नाही म्हणून; बोटाने कडेने फिरवून घडी राहिली नाही ना ते बघायचं. तांबी बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

कप नको असेल तर सुती घडीचे पॅड. आधी अर्धा तास गार पाण्यात, मग साबण, मग ऊन. कपड्यांचं कंडिशनर लावलं तर कापड शोषत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पंख्याखाली वाळवून वर इस्त्री फिरवा, दमट घडी कपाटात ठेवू नका. वापरून टाकायचे पॅड असतील तर कागदात गुंडाळून, लाल खूण करून, वेगळे द्या.

सेक्टर_अठरा

ब्रशाचं राहिलं होतं.

सुकाकचरा

बांबूच्या ब्रशाचा दांडाच काय तो बांबूचा, केस बहुतेक वेळा नायलॉनचेच. दात घासायचं काम साधा ब्रशही करतो. जुना ब्रश नळाच्या खाचा, मिक्सरची कड, घोसाळ्याच्या जाळीतले अडकलेले कण काढायला ठेवा. ते वाचलेले पैसे मांजरपाटात घाला.

कोपरखैरणे_वाचक

तेलाच्या डब्यासाठी दोन घरं तयार झाली आहेत, तिसरं हवं. शेंगदाणा तेल, १५ किलो. किटली पाच लिटरची पुरेल ना?

जांभळीनाका

साडेसोळाचे तीन भाग केले तर प्रत्येकी साडेपाच होतात. सहा-साडेसहा लिटरची बघा, किंवा पाचची एक आणि एक लिटरची रोजच्या वापराची. रोजची लहान असली की मोठीचं झाकण आठवड्यातून एकदाच उघडतं.